काळे वाफे, हिरवी रोपे

आपण घरी जिला क्यारी म्हणतो, तिला मराठीत वाफा म्हणतात. रोपे लावण्यासाठी जमिनीचा जो लहानसा तुकडा आखून घेतात, तो वाफा. वाफ्याची माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केली, की त्याला गादीवाफा म्हणतात. गादी आणि गद्दी हे शब्द सख्खे भाऊच आहेत. मिरची, वांगी आणि कांदा यांची रोपे शेतकरी अशा गादीवाफ्यावर वाढवतात आणि मग शेतात नेऊन लावतात.

वाफा उंच करायचा की खोल, हे पाणी ठरवते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे वाफा सपाट ठेवला तर पाणी साचून राहते. मुळांनाही हवा लागते. मातीतील सगळी जागा पाण्याने भरली तर मुळे गुदमरतात आणि रोप कुजते. म्हणून तेथे वाफा उंच करतात. मराठवाड्यात याच्या उलट स्थिती आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे वर्षाचा पाऊस सुमारे सातशे मिलिमीटर. तेथे पाणी घालवायचे नसते, धरून ठेवायचे असते. सहलीला गेलात तर बीबी का मकबऱ्याची इमारत पाहून झाल्यावर बागेकडेही पाहा. ही बाग चारबाग पद्धतीची आहे. अशा मुघल बागांत वाटा आणि पाण्याचे पाट उंचावर असत, तर फुलांचे ताटवे त्यांच्या खाली. त्यामुळे पाटाचे पाणी ताटव्यांत सहज उतरे. वरच्या वाटेने चालणाऱ्याला फुले पायाशी अंथरलेल्या गालिच्यासारखी दिसत, हा आणखी एक फायदा.

शहरात मात्र तिसरीच अडचण असते. तेथे मातीच नसते. अंगणात फरशी असते आणि गच्चीवर काँक्रीट. मग विटा, दगड, लाकूड किंवा पत्रा यांची चौकट करून तिच्यात माती भरतात. हा शहरी गादीवाफा. अलीकडे सजवलेल्या गच्च्यांवर आणि उपाहारगृहांच्या अंगणांत असे वाफे काळ्या रंगात रंगवलेले दिसतात. ते खरोखरच सुंदर दिसतात. सराफ सोन्याचे दागिने काळ्या मखमलीवर का मांडतो? काळ्या रंगावर उजळ वस्तू उठून दिसते. तसाच पालकाचा, पुदिन्याचा हिरवा रंग काळ्या चौकटीमुळे अधिक ताजा वाटतो. धूळ मात्र काळ्यावर लपत नाही. आठवड्यातून एकदा फडके मारावेच लागते.

आमच्या शाळेच्या अंगणातही फरशीच आहे. २०१९ साली एका दानशूर पालकांनी शाळेला थोडी रक्कम दिली. तिच्यातून मी पत्र्याचे चार वाफे बनवून घेतले. प्रत्येक चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि फूटभर उंच. एका मासिकात परदेशातील बागेचे चित्र पाहिले होते, तसाच काळा रंग त्यांना दिला आणि ते पूर्वेकडे तोंड केलेल्या वर्गांसमोर, उघड्या अंगणात ओळीने मांडले. शाळेचे शिपाई कोकणातले, लहानपणापासून भाताची रोपे केलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वाफे पाहून ते म्हणाले, “सर, हा पत्रा आहे. वैशाखात यावर भाकरी भाजेल.” मी हसलो आणि रोपे लावायला सांगितली.

डिसेंबर, जानेवारीत सारे छान होते. मेथी निघाली, टोमॅटो लागले. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी अंगणात नेत. पुढच्या वर्षी मार्चपासून मात्र पाने दुपारी माना टाकू लागली. आम्ही पाणी वाढवले. तरीही एप्रिलच्या मध्यापर्यंत दोन वाफ्यांतील टोमॅटो पूर्ण वाळले. सातवीच्या एका मुलीने घरून पुदिन्याच्या काड्या आणून लावल्या होत्या. रमजानमध्ये इफ्तारच्या चटणीला शाळेचा पुदिना न्यायचा, असे तिने ठरवले होते. त्या वर्षी साथीमुळे मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि तिला अंगणात येताच आले नाही. रोज पाणी घालणाऱ्या चाचांनी तिच्या घरी निरोप दिला, की पुदिना गेला. पाणी दिल्यावरही तो का गेला, हे तिने मला फोनवर विचारले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर सापडले ते प्रयोगशाळेतल्या तापमापकाने. एका दुपारी तीन वाजता मी तो पत्र्याला लागून असलेल्या मातीत खोचला. पारा चाळिसाच्या वर गेला. वाफ्याच्या मधोमध खोचला तेव्हा तो बराच खाली राहिला. वाळलेले रोप उपटून पाहिले, तर कडेची मुळे तपकिरी आणि ठिसूळ झाली होती. रोपाला पाणी मिळत होते, पण ते ओढून घेणारी मुळेच भाजली होती.

याचे कारण तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पांढरा पृष्ठभाग बहुतेक प्रकाश परत पाठवतो. काळा पृष्ठभाग तो शोषून घेतो आणि त्याची उष्णता होते. पत्रा पातळ असल्यामुळे ती उष्णता लगेच आतल्या मातीत उतरते. इंग्लंड, कॅनडा अशा थंड देशांत हाच गुण उपयोगी पडतो. तेथे वसंत ऋतूतही माती गार असते आणि बी लवकर रुजत नाही. काळ्या चौकटीतली माती लवकर गरम होते, म्हणून पेरणी लवकर करता येते. मी पाहिलेले चित्र अशाच एखाद्या देशातले असावे. चित्रात रंग दिसतो, हवामान दिसत नाही.

आपल्याकडचे शेतकरी काळ्या रंगाशी अधिक हुशारीने वागतात. मिरची, टोमॅटो किंवा कलिंगड यांच्या गादीवाफ्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. तो वरून चंदेरी आणि आतून काळा असतो. काळ्या बाजूमुळे मातीला प्रकाश मिळत नाही, म्हणून तण वाढत नाही. चंदेरी बाजू ऊन परतवते, म्हणून माती फार तापत नाही.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही वाफे मोडले नाहीत. काळा रंगही तसाच ठेवला, कारण मुलांना तो आवडत होता. आधी तीन वाफे उचलून वर्गांच्या पूर्वेकडील भिंतीलगत नेले. तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी इमारतीची सावली पडते. उचलण्याआधी माती उपसावी लागली, आणि तेव्हा वजनाचा अंदाज आला. एक घनफूट ओली माती सुमारे पन्नास किलो भरते. आमच्या एका वाफ्यात आठ घनफूट माती मावते, म्हणजे जवळजवळ चारशे किलो! गच्चीवर असा वाफा ठेवायचा असेल, तर इमारत तेवढा भार पेलेल की नाही हे जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवू नये.

रिकाम्या वाफ्यांना आतून गोणपाटाचे जाड अस्तर लावले, म्हणजे पत्रा आणि माती यांची थेट गाठ पडत नाही. तळाची भोके बुजली होती, ती मोकळी केली आणि त्यांवर विटांचे तुकडे पसरले. माती, शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणात मिसळून भरला. कडेने चिनी गुलाब लावला. त्याच्या फांद्या बाहेर लोंबून काळ्या पत्र्यावर सावली धरतात. आता पत्रा अर्धाच दिसतो, आणि माझ्या मते वाफा पूर्वीपेक्षा अधिक देखणा दिसतो. वर वाळलेल्या पानांचा थर असतो. पालेभाजीला आठ इंच माती पुरते. वांगी, टोमॅटो यांना फूटभर तरी हवी.

नवा वाफा करणाऱ्यांनी पत्र्याऐवजी जाड वस्तू घ्यावी. आपल्या दख्खनचा काळा दगड सर्वांत उत्तम. वाड्यांच्या अंगणातील दगडी तुळशीवृंदावने तुम्ही पाहिली असतील. तोही एक उंच काळा वाफाच आहे. जाड दगड हळूहळू तापतो, त्यामुळे दुपारची झळ मुळांपर्यंत एकदम पोहोचत नाही. जपानमध्ये सुगी नावाच्या झाडाच्या फळ्या वरून जाळून काळ्या करतात. त्या पद्धतीला याकिसुगी म्हणतात. (आपल्याला सुगी म्हटले की कापणीचे दिवस आठवतात. तिथे ते झाडाचे नाव आहे.) जळलेला थर लाकडाचे रक्षण करतो आणि रंगाचा खर्च वाचतो. पण लाकूड काळे करण्यासाठी गाडीचे जळके ऑइल किंवा डांबर कधीही फासू नये. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही आणू नयेत. ते टिकावेत म्हणून त्यांत क्रिओसोट नावाचे विषारी तेल मुरवलेले असते. खाण्याच्या भाजीजवळ अशी वस्तू नको.

पुदिन्याच्या काड्या त्या मुलीने दुसऱ्यांदा आणल्या, तेव्हा ती आठवी संपवून नववीत आली होती. या वेळी जागा चाचांनी दाखवली. तो पुदिना आता पूर्वेकडच्या पहिल्या वाफ्यात इतका पसरला आहे, की दर महिन्याला छाटावा लागतो. चौथा वाफा मात्र उघड्या अंगणातच राहिला. त्याचा तळ गंजला होता आणि उचलला असता तर तुटला असता. त्यात आम्ही कोरफड लावली आहे. तीन उन्हाळे गेले, तिला अजून काही झालेले नाही.