अभिप्रायाच्या फॉर्मवर दोन ओळी लिहाच!

मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२चं, कऱ्हाडचं कृष्णा १९८४चं. शिवाय सांगलीत भारती विद्यापीठ आणि आता साताऱ्यातही सरकारी कॉलेज. कृष्णाकाठी एमबीबीएसची मुलं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी संशोधनाची कार्यशाळा भरली की शेवटी अभिप्रायाचा फॉर्म येतो. परतीची एसटी गाठायची घाई असते, मग सगळीकडे ‘उत्तम’वर टिक!

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकलात का, कामात उतरलं का, परिणाम काय झाला. ‘वक्ते छान, जेवण छान’ ही फक्त पहिली पायरी.

आयोजकांना खरा उपयोग होतो तो नेमक्या वाक्याचा. ‘सॅम्पल साइज कशी काढायची ते समजलं नाही’, ‘एथिक्स कमिटीचा अर्ज प्रत्यक्ष भरून दाखवा’. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे, पण प्रकल्प जेमतेम दोन महिन्यांचा. त्यासाठी या गोष्टी मुलांना आधीच यायला हव्यात.

आयोजकांनो, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा: प्रकल्प सुरू केलात का? आणि मुलांनो, पुढच्या वेळी किमान एक अडचण लिहूनच उठा.