कुकरमधला केक आणि एक जूनचे आजोबा

गेले काही आठवडे मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची भाची, कुणाचं स्वतःचं पहिलं लेकरू. "दादा, घरी ओव्हन नाही. वाढदिवसाचा केक घरी होईल का? आणि चौकात बेकरी असताना करायचा तरी कशाला?" आजचा भाग त्यावर. गाडीवर ऐकताना वजनं-मापं लक्षात राहत नाहीत, म्हणून ती सगळी इथे लिहून ठेवलीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: होतो. आमच्या शिरूरच्या घरात आजपर्यंत ओव्हन आलेला नाही आणि लहान मुलाचा एकही वाढदिवस घरच्या केकशिवाय गेलेला नाही. दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागेल. त्यासाठी दौंडला जावं लागतं.

आई माहेरची दौंडची. आजोबा रेल्वेत. दौंड हे जंक्शनचं गाव. पुण्याकडून सोलापूरला जाणारी लाईन होतीच, त्यात १८७८ साली मनमाडची लाईन येऊन मिळाली आणि गावाचा नूरच बदलला. रेल्वे क्वार्टर्समध्ये कुठकुठल्या मुलखातली माणसं शेजारी-शेजारी राहायची. आईच्या शेजारी एक ख्रिश्चन काकू होत्या. डिसेंबर आला की त्या जाड बुडाच्या पातेल्यात केक करायच्या, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. आईनं लहानपणी ओट्याला टेकून ते बघितलेलं.

आता ऐका, ही पद्धत काही फक्त साहेबाची नव्हे. आपल्या कोकणात काकडीचं धोंडस करतात तेही असंच. रवा, गूळ, किसलेली मोठी काकडी, खाली-वर निखारे. ओव्हन म्हणजे शेवटी काय, तर पदार्थाला सगळ्या बाजूंनी सारखी कोरडी उष्णता देणारी बंद जागा. ती भिंतीत असो, पेटीत असो नाहीतर पातेल्यात. पिठाला काही फरक पडत नाही.

बरं, केक बघितला म्हणून आईचा वाढदिवस केकनं झाला असं नाही. आणि आजोबांच्या वाढदिवसाचं तर विचारूच नका. त्यांचा जन्म १ जूनचा. त्यांच्या भावाचा १ जूनचा. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जूनचा. तुमच्याही घरात एखादा १ जूनवाला असणारच. यामागचं कारण शाळा. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद फार कुणी करायचं नाही. शाळा सुरू व्हायची जूनमध्ये. पोरगं घेऊन बाप दारात उभा राहिला की मास्तर त्याच्याकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि नियमाला बसेल अशी तारीख रजिस्टरात लिहायचे. ती १ जून. पुढे नोकरीच्या कागदावर तीच तारीख. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला महाराष्ट्रात एकाच दिवशी ऑफिसंच्या ऑफिसं निरोप समारंभ करत असतात. आजोबाही ३१ मेलाच निवृत्त झाले.

आजीचं तर तेवढंही नाही. "पानशेत फुटलं तेव्हा मी रांगत होते," एवढाच तिचा जन्मदाखला. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे साल काढता येतं, दिवस नाही. कुणी पुराच्या साली जन्मलं, कुणी बहात्तरच्या दुष्काळात. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा झाला १९६९ साली, आणि तो घराघरात मुरायला आणखी वर्षं गेली.

म्हणून आमच्या घरात तारीख पाळून साजरा झालेला पहिला वाढदिवस माझ्या ताईचा. आई तेव्हा नव्यानं शिरूरला आलेली. तिनं कुकर काढला, क्वार्टरमधलं बघितलेलं आठवलं, आणि केला. सासरची मंडळी माळकरी, त्यामुळे अंडं घरात येणार नव्हतं. घरात होतं ते गव्हाचं पीठ, दही आणि गूळ.

बिनअंड्याचा केक म्हणजे तडजोड असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या बेकिंग पावडरवर सगळ्या जगातले केक फुगतात, तिचा एक प्रकार इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसानं १८४३ साली तयार केला. का? तर त्याच्या बायकोला यीस्ट चालायचं नाही. तिला अंडीही चालायची नाहीत, त्यासाठी त्यानं आधीच बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढलेली. म्हणजे घरातल्या एका माणसाला खाता यावं म्हणून केलेली खटपट. आमच्या आईची खटपट त्याच जातीची.

आता केक फुगतो कसा ते बघू, कारण हे कळलं की कृती पाठ करावी लागत नाही. खायचा सोडा आणि आंबट पदार्थ ओले होऊन एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. दही आंबट आहे, आणि गडद गूळही किंचित आंबट असतो. वायूचे बुडबुडे पिठात अडकतात, उष्णतेनं मोठे होतात, आणि तेवढ्यात पीठ शिजून घट्ट होतं. बुडबुडे आधी आणि घट्टपणा नंतर, या दोघांची वेळ जुळली की केक हलका होतो. मधेच झाकण उघडलं तर आतली उष्णता जाते, पीठ घट्ट व्हायच्या आत बुडबुडे बसतात, आणि मधोमध खड्डा पडतो. सोडा जास्त झाला तर आंबटपणा त्याला पुरत नाही आणि साबणासारखी चव येते. आणि दही-सोडा एकत्र झाला की वायू सुटायला लगेच सुरुवात होते, म्हणून कालवून ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही.

गुळाबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, माफ करा, पण मी या भागातला आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून केडगाव-चौफुल्याकडे निघालात की भीमेच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस. दौंड तालुक्यात शिरलं की गुऱ्हाळांचा धूर दिसतो आणि त्याआधी वास येतो. काहिलीत रस आटतो, वर आलेली मळी काढतात, पाक वाफ्यात ओतून घोटतात, मग ढेप. केकला गडद रंगाचा, साधा गूळ घ्या. पिवळाधमक दिसणाऱ्या गुळात रंग उजळायला रसायनं घातलेली असू शकतात. चिक्कीचा गूळ घेऊ नका, त्याचं काम वेगळं. गूळ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. पण साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून आच मंदच हवी. आणि गरम दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं, हे चहाला गूळ घालणाऱ्यांना माहीतच आहे. गूळ आधी वेगळा विरघळवायचा आणि गार करायचा.

आता मापं. ही मिळवायला मला तीन वर्षं लागली. आईला विचारलं की ती म्हणते "अंदाजानं". शेवटी ती करत असताना मी बाजूला वजनकाटा घेऊन उभा राहिलो आणि तिची प्रत्येक मूठ तिनं भांड्यात टाकायच्या आत मोजली. ती वैतागली, पण आकडे मिळाले.

गव्हाचं पीठ १८० ग्रॅम, मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळून. गूळ १५० ग्रॅम, पाव वाटी गरम पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार केलेला. ताजं दही १२० ग्रॅम. बिनवासाचं तेल ८० मिली. दूध १०० मिली, आणखी थोडं हाताशी. बेकिंग पावडर चहाचा एक चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा-जायफळ. गिरणीचं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं, आणि तुमच्या गिरणीचं किती पितं ते तुम्हालाच कळणार. पीठ चमच्यातून जाडसर धारेनं पडलं पाहिजे. भज्याच्या पिठापेक्षा सैल, घावनाच्या पिठापेक्षा घट्ट. कोरडं वेगळं चाळा, ओलं वेगळं फेटा, शेवटी एकत्र करून हलक्या हातानं फिरवा आणि थांबा. फेटत राहिलात तर गव्हातला चिकटपणा जागा होतो आणि केकची पोळी होते.

सहा इंची जर्मनच्या डब्याला तेल लावून पीठ भुरभुरवायचं, मग त्यात मिश्रण ओतायचं. तोवर पाच लिटरच्या जुन्या कुकरमध्ये दोन वाट्या जाडं मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवलेला असायला हवा. मीठच का? मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे आपल्या शेगडीवर ते जळत नाही, नुसतं उष्णता धरून खालून सारखी देत राहतं. तेच मीठ बरणीत भरून पुढच्या वर्षी वापरा. आई तेच करते. डब्यावर "केकचं मीठ, भाजीत घालू नये" अशी चिठ्ठी आहे.

आणि आता कान देऊन ऐका. शिट्टी काढायची. झाकणाची रबरी रिंग काढायची. कुकरमध्ये पाणी नाहीये, वाफ कोंडायची नाहीये, आपल्याला फक्त झाकण असलेलं जाड भांडं हवंय. शिट्टी लावून कोरडा कुकर तापवणं धोक्याचं आहे. रोज वरण-भात होतो तो कुकर यासाठी वापरू नका, कोरड्या आचेनं त्याचं बूड खराब होतं. जुना कुकर नसेल तर जाड कढई आणि घट्ट बसणारं ताट चालतं.

मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटं. पहिली तीस मिनिटं झाकणाला हात नाही. मग सुरी खुपसून बघायची, कोरडी निघाली की बंद. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यातून काढायचा नाही.

मेणबत्तीचा वाद बहुतेक घरांत होतो, आमच्याकडेही झाला. केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावायची रीत जर्मनीकडची. १७४६ साली तिथल्या त्सिंत्सेनडॉर्फ नावाच्या उमरावाच्या वाढदिवसाला असा केक केल्याचं वर्णन आहे. पण आजीचं म्हणणं, वाढदिवसाला दिवा लावतात, विझवतात कुठे? तिचा मुद्दा बिनतोड आहे. आपलं औक्षण म्हणजे निरांजन लावून ओवाळणं. म्हणून आमच्याकडे आधी पाटावर बसवून औक्षण, सुपारी आणि अंगठी ओवाळून, मग केक. मेणबत्ती नाही. यात आरोग्याचाही फायदा निघाला. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रयोग छापला, त्यात फुंकर मारल्यावर आयसिंगवर १४०० टक्के जास्त बॅक्टेरिया मिळाले. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग? मी काय सांगत होते?" तो फेसाचा स्प्रे मात्र पेटत्या मेणबत्तीजवळ कधीच मारू नका, तो भडकतो. आणि रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर तलवारीनं केक कापणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांच्याशी पोलीस बोलतात.

आता तो दुसरा प्रश्न, करायचा कशाला. माझे दाजी रांजणगाव एमआयडीसीत आहेत. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे साडेअकरा. भाचीचा वाढदिवस मे महिन्यातला. क्रीमचा केक फ्रीजबाहेर त्या उकाड्यात तासाभरात बसतो, आणि त्यात लाईट गेली की संपलंच. गुळाचा केक डब्यात आरामात वाट बघतो. हे एक कारण, अगदी व्यवहाराचं.

पण भाची सहा वर्षांची झाली तेव्हा तिला कार्टूनचा फोटो असलेला केक हवा होता, शाळेतल्या मैत्रिणीसारखा. हवाच होता तिला, यात तिचं काय चुकलं? आणला. घरचाही केला. फोटोंत सगळीकडे दुकानातला आला. आई काही बोलली नाही. नंतर भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "माझं मनगट आता दुखतं रे फेटताना." मला तेव्हा जाणवलं की ज्याला आम्ही सगळे "आपल्या घरची परंपरा" म्हणत होतो, ती म्हणजे एका बाईची अख्खी सकाळ होती. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवायला. आणि तिची कृती आजीच्या जन्मतारखेसारखी, कुठेच न लिहिलेली.

वजनकाटा मी त्यानंतर आणला. आता फेटायचं काम माझं, चाळायचं दाजींचं, त्यांची फर्स्ट शिफ्ट असेल तर. भाची डब्याला पीठ भुरभुरवते, अर्धं जमिनीवर. आई खुर्चीवर बसून सूचना देते आणि आच कमी करायला सांगते. कार्टूनवर तोडगा असा निघाला की केक गार झाला की कागदाचा आकार कापून वर ठेवायचा आणि चाळणीतून पिठीसाखर भुरभुरवायची. कागद उचलला की चित्र उमटतं. पहिल्या वर्षी मांजर काढायचं होतं, ते सशासारखं दिसलं, तिला चाललं.

उरलाच तर हवाबंद डब्यात. उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, त्यापुढे फ्रीज. फ्रीजमधला खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. आजोबांना मात्र तो शिळाच आवडतो, चहात बुडवून. त्यांच्यासाठी यंदा १ जूनला पाव किलोचा वेगळा करतोय. साहेब, तारीख खोटी आहे, असं ते म्हणालेच. वजनं निम्मी करायची, डबा चार इंची, वेळ पंचवीस-तीस मिनिटं. कसा झाला ते पुढच्या भागात सांगतो. भेटू.