अर्धशिशी येण्याआधी

समोर आलेल्या एसटीच्या पाटीवर ‘अक्कलकोट’ लिहिलंय, पण मधली अक्षरं दिसतच नाहीत. डोळे चोळूनही नाहीत. त्या रिकाम्या जागेच्या कडेला करवतीच्या दात्यांसारख्या चमचमत्या रेघा उमटतात, हळूहळू पसरत बाहेर सरकतात आणि अर्ध्या तासात नाहीशा होतात. मग डोक्याची एक बाजू ठणकू लागते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावात यावर निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं, नाहीतर पित्त झालं.

डॉक्टर या पूर्वखुणेला ‘ऑरा’ म्हणतात. अर्धशिशीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांना ती जाणवते. दोष डोळ्यांचा नसतो; खळबळ मेंदूत उठलेली असते. अमेरिकी संशोधक कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या ऑराची चित्रं काढून १९४१ मध्ये हिशेब मांडला, की ही खळबळ मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकत असावी. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्तिदेस लिआव यांना सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट सापडली. लाट पुढे सरकताना मागच्या पेशी काही काळ गप्प होतात. अक्षरं दिसेनाशी होतात ती त्यामुळेच.

स्पर्शाच्या भागात हीच गडबड झाली, की बोटांना मुंग्या येतात, त्या हातावरून वर चढतात आणि ओठ, जीभ बधिर होते. कधी साधा शब्द आठवत नाही. क्वचित कुणाला चूल बंद असताना जळका वास येतो, कुणाला स्वतःचा हात अवाढव्य भासतो. अशा माणसाला ‘भास होतात’ म्हणून घरच्यांनी गप्प बसवणं हा अन्यायच आहे.

काहींना आदल्या दिवसापासूनच जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. दुखणं उठलं की दोष त्या गोडावर जातो. प्रत्यक्षात ती हाव हीच अनेकदा झटक्याची सुरुवात असते. खरी निमित्तं वेगळी. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, ज्यांची अर्धशिशी डोक्यावरून न्हाल्यावर उठत होती.

ऑरा हळूहळू पसरतो, पक्षाघात बहुधा एकदम येतो. म्हणून असं पहिल्यांदाच झालं, तासाभराहून जास्त टिकलं किंवा हातपाय लुळे पडले, तर थेट दवाखाना गाठावा. आणि ऑरा येणाऱ्या बाईने संततिनियमनाच्या गोळ्या घेण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी; इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे तिला पक्षाघाताचा धोका वाढतो.