बक्षिसी आणि वेतन : अमेरिकेतील सेवा-कामगारांचा दीडशे वर्षांचा प्रश्न

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार रेस्टॉरंटमध्ये वाढपाचे काम करणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर एवढेच रोख वेतन दिले, तरी काही अटींवर ते कायदेशीर ठरते. हा आकडा 1991 पासून जागचा हललेला नाही. त्याच देशात इतर कामगारांसाठीचे संघराज्य पातळीवरील किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे. या दोन आकड्यांमधील 5.12 डॉलरची तफावत मालकाने नव्हे, तर जेवायला येणाऱ्या ग्राहकाने भरून काढावी, अशी कायद्याची रचना आहे आणि तिचे साधन म्हणजे टिप, अर्थात बक्षिसी. अमेरिकेत जाणारा मराठी प्रवासी बिलाखाली पंधरा किंवा वीस टक्के रक्कम लिहिताना तिला सौजन्याची खूण समजतो. प्रत्यक्षात तो अनेक राज्यांत त्या कामगाराच्या पगाराचा मोठा हिस्सा चुकता करत असतो. ही व्यवस्था कशी उभी राहिली, ती कोणावर अन्याय करते आणि अन्य देशांनी कोणता मार्ग धरला, याचा शोध घेतल्यास बक्षिसीचा प्रश्न शिष्टाचाराचा नसून श्रमाच्या मोबदल्याचा आहे, हे स्पष्ट होते.

वजावटीचा हिशेब

ज्या तरतुदीमुळे हे शक्य होते तिला ‘टिप क्रेडिट’ म्हणतात. महिन्याला तीस डॉलरहून अधिक बक्षिसी नियमितपणे मिळवणारा कामगार या तरतुदीच्या कक्षेत येतो आणि त्याला मिळालेली बक्षिसी किमान वेतनाच्या जबाबदारीतून वजा करून घेण्याची मुभा मालकाला मिळते. रोख वेतन आणि बक्षिसी यांची बेरीज 7.25 डॉलरपर्यंत पोहोचली नाही, तर उरलेली रक्कम मालकाने भरावी, असे बंधन कायद्यात आहे; मात्र हा हिशेब तासागणिक न होता संपूर्ण आठवड्याच्या कामावर होतो. त्यामुळे सोमवारी रिकाम्या टेबलांपुढे उभे राहून काढलेल्या तासांची भरपाई शनिवारच्या गर्दीत मिळालेल्या बक्षिसीतून झाली असे धरले जाते आणि मंदीच्या दिवसाची जोखीम व्यवसायाच्या मालकाकडून कामगाराकडे सरकते. शिवाय कमी पडलेली रक्कम मागायची, तर ती ज्याच्या हाती पुढच्या आठवड्याच्या पाळ्या ठरवणे असते त्याच्याकडेच मागावी लागते. म्हणून कागदावरचा हक्क वापरणे अनेकांना परवडत नाही.

पुलमनच्या शयनयानांतील पोर्टर

बक्षिसी ही मुळात अमेरिकेची प्रथा नव्हती. इंग्लंडमधील उमरावांच्या घरी पाहुण्यांनी निघताना नोकरांच्या हातावर पैसे ठेवण्याची रीत होती आणि एकोणिसाव्या शतकात युरोपचा प्रवास करून परतणाऱ्या धनिक अमेरिकनांनी ती आपल्या देशात आणली. तिचे रूपांतर वेतनाच्या पर्यायात झाले ते मात्र यादवी युद्धानंतरच्या काळात, म्हणजे 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपल्यावर. मुक्त झालेल्या लाखो कृष्णवर्णीयांपुढे कामाची दारे मोजकीच होती आणि रेल्वे, हॉटेले व रेस्टॉरंटे यांना नाममात्र पगारावर राबणारे हात हवे होते.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जॉर्ज पुलमन याने 1867 मध्ये स्थापन केलेली पुलमन कंपनी. रेल्वेच्या आलिशान शयनयानांत बिछाने घालणे, बूट पुसणे, सामान उचलणे आणि रात्रभर प्रवाशांच्या हाकेला उठणे यासाठी कंपनीने कृष्णवर्णीय पोर्टर नेमले. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने न हाकारता कंपनीच्या मालकाच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याच्या जुन्या सवयीचाच तो अवशेष होता. महिन्याला सुमारे 400 तास किंवा 11,000 मैल एवढे काम झाल्याशिवाय पूर्ण पगार मिळत नसे आणि बूटपॉलिशचा खर्चही पोर्टरच्याच खिशातून जाई. औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या संघराज्य आयोगापुढे 1915 मध्ये पुलमन कंपनीचा कारभार तपासला गेला, तेव्हा पोर्टरचा मासिक पगार 27.50 डॉलर असल्याचे उघड झाले. बाकीचा चरितार्थ प्रवाशांच्या बक्षिसीवर चालावा, हे कंपनीने गृहीतच धरले होते. त्या आयोगापुढे कंपनीच्या वतीने साक्ष देणाऱ्यांत रॉबर्ट टॉड लिंकन होते, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव.

पोर्टरांनी याला उत्तर दिले ते संघटनेने. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली 1925 मध्ये ‘ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’ ही संघटना स्थापन झाली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, 1937 मध्ये, पुलमन कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. वेतन वाढले आणि महिन्याचे काम 240 तासांवर आले. प्रवाशाच्या मर्जीपेक्षा निश्चित पगार माणसाला अधिक ताठ मानेने जगू देतो, ही या लढ्यामागील जाणीव होती आणि याच संघटनेतून पुढे नागरी हक्क चळवळीला अनेक कार्यकर्ते मिळाले.

बंदीचे कायदे आणि सूट देणारे कायदे

बक्षिसी ही लोकशाहीला न शोभणारी, एका नागरिकाला दुसऱ्यापुढे हात पसरायला लावणारी प्रथा आहे, असे मानणारा मोठा वर्ग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत होता. वॉशिंग्टन राज्याने 1909 मध्ये बक्षिसीवर बंदी घातली आणि पुढील काही वर्षांत मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलायना व टेनेसी या राज्यांनी तिचे अनुकरण केले. हे कायदे टिकले नाहीत. 1926 पर्यंत ते सर्व इतिहासजमा झाले. त्यांच्यातील उणीव उघड होती. त्यांनी घेणाऱ्या हाताला गुन्हेगार ठरवले, परंतु तो हात पुढे करण्याची वेळ आणणाऱ्या वेतनाबद्दल ते मूक राहिले.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात 1938 मध्ये संमत झालेल्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’ने ताशी 25 सेंट हे पहिले देशव्यापी किमान वेतन ठरवले, पण शेतमजूर, घरकामगार आणि हॉटेल-रेस्टॉरंटांतील बहुसंख्य कामगार त्याच्या बाहेर राहिले, आणि नेमक्या याच कामांत कृष्णवर्णीयांची व स्त्रियांची संख्या मोठी होती. रेस्टॉरंट-कामगारांना या कायद्याचे संरक्षण मिळायला 1966 ची दुरुस्ती यावी लागली. त्याच दुरुस्तीने टिप क्रेडिटही आणले आणि किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम बक्षिसीतून वळती करून घेण्याचा अधिकार मालकांना दिला. निदान तेव्हा दोन्ही वेतने एकमेकांशी बांधलेली होती, त्यामुळे एक वाढले की दुसरेही वाढे. 1996 मध्ये ती गाठही सोडली गेली आणि 2.13 डॉलरचा आकडा गोठवला गेला. तेव्हापासून महागाईने त्याची खरी किंमत वर्षागणिक झिजवली आहे.

मर्जीवर चालणारा पगार

चांगल्या सेवेला चांगले बक्षीस, हा या प्रथेच्या समर्थनार्थ दिला जाणारा नेहमीचा युक्तिवाद आहे. कॉर्नेल विद्यापीठातील मायकल लिन यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून असे दिसले की सेवेचा दर्जा आणि बक्षिसीची रक्कम यांचा संबंध अतिशय क्षीण असतो. बक्षिसी मुख्यतः बिलाच्या आकारावर ठरते. लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2008 मधील एका अभ्यासात गोऱ्या वाढप्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय वाढप्यांना कमी बक्षिसी मिळत असल्याचे आढळले आणि ती कमी देणाऱ्यांत दोन्ही वर्णांचे ग्राहक होते. एखाद्या मालकाने वर्ण पाहून पगार ठरवला, तर ते बेकायदेशीर ठरेल. तोच भेदभाव शेकडो ग्राहकांच्या हातून झाला की त्याविरुद्ध दाद मागायला जागा उरत नाही. स्त्री-कामगारांच्या बाबतीत याचे आणखी एक रूप दिसते. ज्या ग्राहकाच्या खिशातून दिवसाची कमाई यायची आहे, त्याची अश्लील शेरेबाजी किंवा नकोसा स्पर्श निमूटपणे सोसण्याचा दबाव त्यांच्यावर येतो.

अलीकडे या जुन्या प्रश्नाने मोबाईलच्या पडद्यावर नवे रूप घेतले आहे. ॲमेझॉनच्या ‘फ्लेक्स’ सेवेतील वाहनचालकांना ग्राहकांनी दिलेली बक्षिसी त्यांच्या ठरलेल्या मोबदल्यात जिरवली गेली, असा आरोप ‘फेडरल ट्रेड कमिशन’ या संघराज्य यंत्रणेने ठेवला आणि 2021 मध्ये कंपनीने 6 कोटी 17 लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर 2023 पासून घरपोच अन्न पोहोचवणाऱ्या ॲप-कामगारांसाठी बक्षिसी वगळून ताशी 17.96 डॉलर किमान मोबदला लागू केला आणि एप्रिल 2025 मध्ये तो 21.44 डॉलरवर नेला. पुलमनच्या पोर्टरांनी मागितलेले निश्चित वेतन असे शंभर वर्षांनंतर सायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्यांच्या पदरात पडू लागले आहे.

इतर देशांची वाट

ऑस्ट्रेलियात 1907 मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ‘हार्वेस्टर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवाड्यात असे तत्त्व मांडले की वेतन हे मालकाच्या सोयीने नव्हे, तर सुसंस्कृत समाजात राहणाऱ्या माणसाच्या गरजांवरून ठरले पाहिजे. तो निवाडा प्रत्यक्षात अकुशल पुरुष कामगारापुरता होता, तरी त्यातील विचार त्या देशाच्या वेतनव्यवस्थेत खोल रुजला. आज तेथील हॉटेल-कामगारांचे दर व्यवसायवार ठरवलेल्या आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या वेतनतक्त्यात असतात, शनिवार-रविवारच्या कामाला वाढीव दर मिळतो आणि बक्षिसी त्यातून वजा होत नाही. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थांच्या छापील किमतीतच धरलेला असतो. वर ठेवलेली नाणी केवळ खुशीची असतात. जपानमध्ये बक्षिसीची रीतच नाही; सेवा हा ठरलेल्या किमतीचा भाग मानला जातो.

ब्रिटनचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे, कारण तेथे बदल टप्प्याटप्प्याने आणि कायद्याने झाला. 1999 मध्ये किमान वेतन लागू झाले, तेव्हा मालकाच्या पगारपत्रकातून दिली जाणारी बक्षिसी त्यात मोजण्याची मुभा होती. ऑक्टोबर 2009 पासून ती रद्द झाली. त्यानंतरही सर्व्हिस चार्जचा वाटा मालकाने स्वतःकडे ठेवण्याच्या तक्रारी येत राहिल्या, म्हणून 2023 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. संपूर्ण बक्षिसी कामगारांमध्ये न्याय्य रीतीने वाटणे, तिच्या वाटपाचे लेखी धोरण ठेवणे आणि तिची नोंद राखणे हे आता तेथील मालकांचे कर्तव्य आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1991 मधील 172 व्या करारात नोंदवले गेले आहे. हॉटेल व रेस्टॉरंटांतील कामगारांसाठी केलेला हा करार असे सांगतो की बक्षिसी कितीही मिळो, कामगाराला ठरावीक काळाने मूळ वेतन मिळालेच पाहिजे. त्याच वर्षी अमेरिकेत 2.13 डॉलरचा आकडा आला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

बदलाला विरोध करणारे सगळेच मालक नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. महागड्या रेस्टॉरंटांतील अनेक वाढप्यांना निश्चित पगारापेक्षा बक्षिसीतून अधिक मिळते आणि ती आटेल ही त्यांची भीती खरी आहे. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध व्यावसायिक डॅनी मेयर यांनी 2015 मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून बक्षिसी हद्दपार करून किमती वाढवल्या, परंतु 2020 मध्ये त्यांना हा प्रयोग सोडावा लागला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2024 मध्ये टिप क्रेडिट रद्द करण्याचा प्रस्ताव फेटाळला. मात्र मेयर यांच्या प्रयोगाचे मर्म असे की शेजारचे प्रत्येक रेस्टॉरंट जुन्याच नियमांवर चालत असताना एकट्याने नियम बदलणे कठीण असते; म्हणूनच हा बदल कायद्याने, सर्वांना एकाच वेळी लागू व्हावा लागतो. अलास्का, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मोंटाना, नेवाडा, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या सात राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन स्वतः द्यावे लागते. कॅलिफोर्नियात 2025 मध्ये ते ताशी 16.50 डॉलर होते. तेथील रेस्टॉरंटे चालू आहेत आणि ग्राहक वरून बक्षिसीही देतात.

याउलट 2025 मध्ये संघराज्य सरकारने निवडलेला उपाय, म्हणजे वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच्या बक्षिसीला 2028 पर्यंत प्राप्तिकरात दिलेली सवलत, मूळ दुखण्याला हात घालत नाही. ज्याची कमाई मुळातच कराच्या मर्यादेखाली आहे त्याला तिचा लाभ नाही आणि तेवढेच कमावणाऱ्या, पण बक्षिसी न मिळणाऱ्या भांडी घासणाऱ्याला तर अजिबातच नाही. मालकाची जबाबदारी मात्र 2.13 डॉलरचीच राहते.

मराठी वाचकाचा संबंध

हा प्रश्न मराठी समाजापासून दूरचा नाही. गोव्यातील तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यानपिढ्या परदेशी जहाजांवर काम करत आले आहेत आणि आज पर्यटक-जहाजांवर प्रवाशांच्या खात्यावर रोज आकारली जाणारी ग्रॅच्युइटी, म्हणजे बक्षिसी, अनेक कुटुंबांच्या चुलीशी जोडलेली आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावण्यास मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ती उचलून धरली. पण त्या चर्चेत ग्राहकाच्या खिशाचा जितका विचार झाला तितका कामगाराच्या पगाराचा झाला नाही. महाराष्ट्रात दिवाळीला घरकामाच्या बाईंना, पेपर टाकणाऱ्याला, टपाल आणणाऱ्याला पोस्त देण्याची रीत आहे आणि ती पोस्त महिन्याच्या पगारातून कापून घेण्याचा विचार कोणतेही सभ्य घर करणार नाही. अमेरिकेचा कायदा मालकाला नेमकी तीच सवलत देतो.

म्हणून अमेरिकेत जाणाऱ्या मराठी माणसाने तत्त्वाच्या नावाखाली बक्षिसी नाकारू नये, कारण त्या नकाराचा फटका व्यवस्थेला बसत नाही, तो समोरच्या कामगाराच्या त्या दिवसाच्या कमाईला बसतो. प्रचलित दराने बक्षिसी द्यावी, शक्य तेथे रोख द्यावी, आणि जे तेथे नागरिक म्हणून स्थायिक झाले आहेत त्यांनी पूर्ण किमान वेतनाच्या बाजूने मत द्यावे. एखाद्या देशाच्या वेतनव्यवस्थेची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : ज्या दिवशी एकाही ग्राहकाने काही दिले नाही, त्या दिवशी कामगाराच्या हाती पूर्ण दिवसाचा पगार पडतो का? जेथे याचे उत्तर ‘नाही’ असे येते, तेथे बक्षिसी ही ग्राहकाची कृतज्ञता राहत नाही. ती मालकाने थकवलेली मजुरी असते.