कचेरीचा नवा दप्तरदार

पूर्वी प्रत्येक कचेरीत एक दप्तरदार असे. कोणता कागद कोणत्या रुमालात बांधला आहे, हे त्याला मुखोद्गत असे. आणि तो कोणाला दाखवावयाचा व कोणाला नाही, हा नियमही तोच सांभाळी. आज आठदहा माणसांच्या लहान कचेरीत हे काम एक संगणक करतो. त्याला फाइल सर्व्हर म्हणतात. सर्वांच्या मेजांवरील संगणक त्याच्याशी जोडलेले असतात आणि कचेरीची पत्रे, हिशेब, नकाशे त्याच्यापाशी साठविलेले असतात.

पुष्कळ ठिकाणी हा सर्व्हर मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीवर चालतो. अशा प्रणालीत वेळोवेळी दोष सापडतात व कंपनी ते दुरुस्त करून देते. परंतु ही सेवा कायमची नसते. विंडोज सर्व्हर २०१२ या आवृत्तीच्या नेहमीच्या दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबल्या. त्यानंतरही यंत्र चालत राहते. मात्र एखाद्या नव्या छिद्रातून चोर आत शिरला, तर वर्षानुवर्षांचे दप्तर एका रात्रीत नष्ट होऊ शकते. नवी आवृत्ती घ्यावी, तर तिला पैसे पडतात. शिवाय सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकासाठी बहुधा वेगळा परवाना लागतो. म्हणून काही कचेऱ्या लिनक्सकडे वळतात. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली कोणीही विनामूल्य वापरावी, उघडून पाहावी, तीत बदलही करावा.

अडचण एकच. मेजांवरील संगणक विंडोजचेच राहतात, आणि ते एसएमबी नावाच्या ठरावीक भाषेत फाइली मागतात. लिनक्सच्या सर्व्हरला ती भाषा बोलावयास शिकविते, ती सांबा ही आज्ञावली.

सांबाची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. १९९१ च्या अखेरीस अँड्र्यू ट्रिजेल हे कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात संशोधन करीत होते. आपल्या मेजावरील संगणकातून त्यांना दुसऱ्या जातीच्या संगणकावरील फाइली हव्या होत्या. पण त्या मागण्याच्या भाषेचे व्याकरण त्यांच्यापाशी नव्हते. ती भाषा जाणणारा एक सर्व्हर मात्र तेथे होता. तेव्हा त्याच्या तारेतून जाणारे संदेश टिपून घेणारी आज्ञावली त्यांनी लिहिली. कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते, हे पाहत पाहत त्यांनी अर्थ लाविला. फ्रेंच न येणारा मनुष्य फ्रान्समधील उपाहारगृहात बसून गिऱ्हाईक काय म्हणते व वाढपी काय आणतो हे टिपून घेईल, तशीच ही रीत, अशी उपमा पुढे त्यांनीच दिली. पहिले नाव दुसऱ्या कंपनीच्या नावाशी जुळल्यामुळे सोडावे लागले. मग त्यांनी एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द संगणकाकडून शोधविले, त्यांत हा शब्द सापडला. सांबा हे ब्राझीलमधील एका नृत्याचे नाव. आपल्या सांबसदाशिवाशी त्याचा संबंध नाही! युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टला दिलेल्या आदेशानंतर, २००७ च्या डिसेंबरात, या भाषेची कागदपत्रे सांबाच्या मंडळींना मिळण्याचा करार झाला. तोवर पुष्कळसे काम असे ऐकूनच चालले होते.

दुभाष्याला बारकावेही सांभाळावे लागतात. इंग्रजी लिपीत लिहिलेल्या फाइलीच्या नावात अक्षर मोठे असले काय नि लहान असले काय, विंडोजला दोन्ही सारखीच. लिनक्सला मात्र ती दोन निराळी नावे वाटतात. सांबा येथे मध्यस्थी करते. देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत काढतात, व ती खरोखर उघडते की नाही हेही पाहतात. हे दुसरे काम लोक हटकून विसरतात. जुन्या सर्व्हरवर हिशेबाची एखादी विंडोजची आज्ञावली चालत असेल, तर तिची सोय वेगळी लावावी लागते. सांबा फाइली देते, आज्ञावली चालवीत नाही. मग सुटीच्या दिवशी शेवटच्या फाइली नव्या यंत्रावर नेतात, आणि जुन्याचे नाव नव्याला देतात. सोमवारी कारकून नेहमीच्याच जागी टिचकी मारतो, आणि त्याची फाइल उघडते. जुना संगणक काही आठवडे तारा काढून कोपऱ्यात ठेवतात. कारण विसरलेल्या फाइलीची आठवण बहुधा महिनाअखेरीस होते.