नगरचा समुद्र कोर्लईला

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. यादी वाचून अहिल्यानगरात अनेकांना चुटपुट लागली, आपल्या जिल्ह्यातला एकही गड त्यात नाही. मला चुटपुट लागली ती कोर्लईची. हा किल्ला रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या वाटेवर. पण त्याची गोष्ट नगरच्या दरबारात सुरू होते.

रेवदंड्याचा पूल ओलांडायचा, कोर्लई गावातून समुद्राच्या कडेकडेने दीपगृह गाठायचं आणि पायऱ्या चढायच्या. चढ छोटाच. वर डोंगराची धार इतकी निमुळती की अख्खा किल्ला त्या धारेवर लांबट पसरलेला. एकामागोमाग एक दरवाजे, तोफा, छप्पर उडालेलं चर्च. तटावरून कुंडलिकेचं मुख दिसतं, पलीकडे माडांत दडलेला रेवदंड्याचा कोट आणि त्यामागे चौल. हे चौल बंदर हाच नगरच्या निजामशाहीचा समुद्र.

रशियन व्यापारी निकितीन १४६९ मध्ये याच बंदरात उतरून पाली, जुन्नरकडे चालत गेला. पुढे जुन्नरहूनच मलिक अहमदने सत्ता उभारली आणि नगर वसवलं. घाटमाथ्यावरच्या त्या राजधानीला घोडे हवे होते, ते अरबस्तान-इराणातून जहाजांनी येत. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आठवा. पंचावन्न टनांच्या आसपासची ती तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली, ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला. तिच्या धातूतलं कथील दख्खनच्या जमिनीत मिळत नाही. माणूस आणि माल, दोन्ही समुद्रापलीकडचे. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी आपण चांदबिबी आणि नेहरूंविषयी बोलतो, बंदराचा विषय मात्र निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पोर्तुगीजांना रेवदंड्याला कोट बांधू दिला तो पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने. पुढे तेच डोईजड झाले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, महिनोन्‌महिने झुंज झाली, कोट पडला नाही. मग दुसऱ्या बुऱ्हाणाने खाडीच्या या तोंडावर, कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. इथून तोफ डागली की बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज माऱ्यात. जागेची निवड किती अचूक होती, हे वर उभं राहिल्यावर लगेच पटतं. पोर्तुगीजांनाही पटलं, १५९४ मध्ये त्यांनी हल्ला करून तो घेतला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मुघल फौज नगरच्या तटाला भिडली.

आज जे चिरे, जे शिलालेख दिसतात ते बहुतेक पोर्तुगीजांचे, म्हणून पुस्तिकांत हा ‘पोर्तुगीज किल्ला’. मला हे नाव अपुरं वाटतं. डोंगर हेरला नगरने, आणि १७४० मध्ये तह करून तो मिळवला मराठ्यांनी.

उतरताना गावात थोडं थांबा. इथली ख्रिस्ती कुटुंबं घरात ‘नो लिंग’ बोलतात, पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ओट्यावरच्या आजीबाई नातवाला त्याच बोलीत हाक मारतात, आणि आपल्याला पाणी विचारतात ते मात्र मराठीत.