नकोशा डेस्कटॉपचे निष्कासन : संगणकातील परस्परावलंबनाचा एक विचार

जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्यासारख्या गावातील एखाद्या महाविद्यालयाची संगणक-प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणावी. यंत्रे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, प्रत्येकाची स्मृती चार गिगाबाइटांची. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तिच्या पुढची आवृत्ती इतक्या जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून त्यांवर डेबियन हे लिनक्सचे वितरण बसविण्यात आले. त्याबरोबर ग्नोम हा डेस्कटॉप आला. तो जड वाटला, तेव्हा कोणी तरी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप त्याच यंत्रावर चढविला. परिणामी एका घरात दोन संसार नांदू लागले : दोन फाइल-व्यवस्थापक, दोन मजकूर-संपादक, यादीत प्रत्येक गोष्ट दोनदा. जुना संसार मोडून टाकावा, असा विचार मग साहजिकच पुढे येतो. प्रसंग कल्पिलेला असला तरी नवलाचा नाही. अशाच एखाद्या यंत्रात एम. ए. च्या विद्यार्थ्याचा मराठीत टंकित केलेला प्रबंध असतो, ही गोष्टही या संदर्भात विसरून चालणार नाही.

विंडोज वापरणाऱ्यास हा प्रश्नच अपरिचित असतो. तेथे पडद्यावरचे दर्शन आणि मूळ प्रणाली यांची फारकत वापरणाऱ्याच्या हाती ठेवलेली नाही. लिनक्समध्ये मात्र डेस्कटॉप हा प्रणालीच्या गाभ्यापासून वेगळा, आणि म्हणून बदलता येण्याजोगा थर आहे. माथियास एट्रिख यांनी केडीई या प्रकल्पाची घोषणा ऑक्टोबर १९९६ मध्ये केली. त्याचा पाया असलेल्या क्यूटी या ग्रंथिकेचा परवाना त्या वेळी पुरेसा मुक्त नव्हता. त्या असंतोषातून मिगेल दि इकाझा व फेडेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोमचा आरंभ केला. २०११ साली ग्नोमची तिसरी पिढी अवतरली, तिचे रूप अनेकांना रुचले नाही, आणि माटे व सिनॅमन हे दोन नवे डेस्कटॉप त्या नाराजीतून उभे राहिले. मतभेद झाला की वेगळी चूल मांडायची, ही प्रवृत्ती मराठी वाचकास अनोळखी वाटू नये. परंतु या चुली वेगळ्या असल्या तरी सरपण पुष्कळदा सामाईक असते, आणि निष्कासनातील सारी अडचण या सामाईकपणातच आहे.

वस्तुतः ‘डेस्कटॉप’ नावाची एक वस्तू यंत्रात कोठेही नसते. असतात ती शेकडो पॅकेजे. डेबियनच्या पद्धतीत प्रत्येक पॅकेज स्वतःबरोबर एक जाहीरनामा बाळगते : आपण कोणावाचून चालू शकत नाही, आणि कोण असल्यास बरे. पहिल्या संबंधास अवलंबन म्हणता येईल, दुसऱ्यास शिफारस. ज्याला आपण ग्नोम म्हणतो ते ‘ग्नोम’ या नावाचे एक जवळजवळ रिकामे पॅकेज असून त्यात अवलंबनांच्या यादीपलीकडे फारसे काही नाही. अशास मेटापॅकेज म्हणतात. ते काढून टाकले तर पाटी निघते, घर जागच्या जागी राहते.

याखेरीज यंत्र आणखी एक गोष्ट लक्षात ठेवते. कोणते पॅकेज वापरणाऱ्याने नाव घेऊन मागितले आणि कोणते केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, याची खूण प्रत्येकापुढे असते. मागितलेले पॅकेज यंत्र आपण होऊन काढीत नाही. आपोआप आलेल्याचा मात्र शेवटचा आधार नाहीसा झाला की ते निराधार ठरते, आणि ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा दिल्याबरोबर बाहेर जाते. योजना चतुर आहे. तिच्यातील उणीव एवढीच की, यंत्राला पॅकेज का आले हे ठाऊक असते. ते आज कशासाठी वापरले जाते हे ठाऊक नसते. ग्नोमच्या ओघात आलेला एखादा कार्यक्रम विद्यार्थी दोन वर्षे रोज वापरीत असेल. यंत्राच्या लेखी तो अद्याप ग्नोमचा आश्रितच होय.

मेटापॅकेजांच्या बाबतीत याचे दोन परस्परविरुद्ध परिणाम संभवतात. काही घडणींत पाटी काढताच तिच्या खालील सारा परिवार निराधार ठरून पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’मध्ये वाहून जातो. डेबियनमध्ये असे अपघात टाळण्यासाठी मेटापॅकेजांच्या थेट अवलंबितांना निराधार न ठरविण्याची तरतूद आहे. तेथे पाटी काढली तरी खालचे बहुतेक काहीच हलत नाही, आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. म्हणून एकाच्या यंत्रावर यशस्वी झालेली आज्ञा दुसऱ्याने जशीच्या तशी उतरून घेणे धोक्याचे आहे.

या अवलंबनांचा विपरीत परिणाम किती दूर जाऊ शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०२१ च्या नोव्हेंबरातील आहे. कॅनडातील चित्रफीतकार लायनस सबॅस्टियन हे पॉप ओएस या वितरणावर ‘स्टीम’ हा खेळांचा कार्यक्रम बसवीत होते. त्या क्षणी भांडारातील पॅकेजांचा मेळ बिघडलेला होता. स्टीम बसवायचे तर डेस्कटॉप काढावा लागेल, असा हिशेब यंत्राने मांडला. इशारा दिला, निघणाऱ्या पॅकेजांची यादी दाखविली, आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य पूर्ण टंकित करण्याची अट घातली. सबॅस्टियन यांनी ते टंकित केले. थोड्याच वेळात त्यांच्यापुढे डेस्कटॉप नव्हता, केवळ अक्षरांचा काळा पडदा होता. दोष मेळ बिघडविणाऱ्याचा की यादी न वाचणाऱ्याचा, यावर पुष्कळ वाद झाला. त्यानंतर ॲप्ट या पॅकेज-व्यवस्थापकात अधिक कडक प्रतिबंध घालण्यात आला. तरीही लांब यादी पुढे आली की माणूस ती वाचत नाही, हा स्वभाव कोणत्याही दुरुस्तीने जाणारा नाही.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या यादीतील सर्वांत नाजूक नाव ‘आयबस’ हे होय. कळफलकावरून आलेल्या रोमन खुणांचे देवनागरीत रूपांतर करणारा हा मध्यस्थ. ग्नोमशी त्याची घट्ट जोडणी आहे, आणि म्हणून तो यंत्रात बहुधा ग्नोमच्याच बोटाला धरून आलेला असतो. ग्नोम गेला की तोही निराधार ठरण्याचा संभव असतो. एम१७एन या संग्रहातून मिळणारे मराठीचे ध्वन्यनुसारी आराखडे, तसेच जुन्या टंकलेखकांच्या सवयीचा रेमिंग्टन आराखडा, हे आयबसच्या मार्फत चालतात. मध्यस्थ गेला की तेही मुके होतात. इन्स्क्रिप्टचे मात्र तसे नाही. भारतीय मानक १३१९४ : १९९१ मध्ये समाविष्ट असलेला हा आराखडा एक्सकेबी या कळफलक-संचातही आहे, आणि तो संच कोणत्याही एका डेस्कटॉपच्या मालकीचा नाही. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यास ग्नोमच्या जाण्याने फार तर भाषा बदलण्याचे बटण पुन्हा मांडून घ्यावे लागते. ध्वन्यनुसारी पद्धतीवर विसंबणाऱ्याची लेखणीच हरवते. टंकलेखनाची पद्धत निवडताना हा भेद सहसा कोणी विचारात घेत नाही.

टंकांचेही असेच. ‘लोहित देवनागरी’ यांसारखे टंक निघून गेल्यास प्रबंधाच्या पानांवर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसू लागतात आणि सारा मजकूर नष्ट झाल्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर फाइलीत संकेतांकांच्या रूपाने शाबूत असतो. केवळ त्या अंकांना आकार देणारे कोणी उरलेले नसते. टंक पुन्हा बसविताच पाने पूर्ववत होतात. या वेळी घाबरून फाइल दुसऱ्या स्वरूपात साठविणे किंवा ‘दुरुस्त’ करू जाणे, यानेच अधिक हानी होते.

सुरक्षित निष्कासनाचा पहिला विचार, काढणे खरोखर आवश्यक आहे काय, हा असावा. जो डेस्कटॉप प्रवेशाच्या वेळी निवडलेला नाही, तो स्मृतीत जवळजवळ काहीच जागा अडवीत नाही. त्याची एखादी सेवा क्वचित मागे चालू राहते, ती स्वतंत्रपणे बंद करता येते. तो अडवितो ती तबकडीवरील जागा, आणि अद्ययावतीकरणाचा वेळ. यंत्र मंद आहे एवढ्याच कारणास्तव न वापरलेला डेस्कटॉप काढणारास वेगात फरक आढळणार नाही.

काढायचेच ठरले, तर तो मागाहून आलेला पाहुणा आहे की मूळचा रहिवासी, हे पाहावे. पाहुण्याची गोष्ट सोपी. डेबियनच्या परिवारात ॲप्टची रोजनिशी ठेवली जाते. कोणत्या दिवशी, कोणत्या आज्ञेने, कोणती पॅकेजे आली आणि त्यांपैकी कोणती आपोआप आली, हे तीत नोंदलेले असते. त्या दिवसाचे पान उघडून तेवढीच नावे काढली म्हणजे यंत्र बहुतांशी पूर्वस्थितीस येते. ही रोजनिशी दरमहा बदलली जाते आणि सामान्यतः बारा महिन्यांपर्यंतच जपली जाते. म्हणून जुन्या पाहुण्याचा माग लागत नाही. फेडोरा या वितरणात तर विशिष्ट व्यवहार उलटविण्याची स्वतंत्र आज्ञाच आहे. मूळच्या रहिवाशाची गोष्ट वेगळी. तो प्रणालीबरोबरच आलेला असल्याने त्याच्या आगमनाचे निराळे पान नसते, आणि यंत्रातील असंख्य गोष्टी त्याच्या नावावर चढलेल्या असतात. अशा वेळी कामाच्या फाइली बाजूस काढून हलक्या डेस्कटॉपसह प्रणाली नव्याने बसविणे, हेच अनेकदा कमी श्रमाचे ठरते. जाणकारांना हा सल्ला पराभवासारखा वाटतो. पण प्रयोगशाळेतील वीस यंत्रांचा विचार करता तो शहाणपणाचा आहे.

तथापि ग्नोमसारखा मूळचा रहिवासी काढण्याचेच ठरले, तर क्रम महत्त्वाचा. ज्याच्या आधाराने उभे राहावयाचे तो डेस्कटॉप प्रथम पूर्णपणे चालवून पाहावा आणि त्यातूनच काम करावे. ज्या फांदीवर बसलो ती तोडू नये. राहावयाच्या गोष्टींना ‘मागितलेले’ अशी खूण ॲप्ट-मार्क या आज्ञेने आधीच करावी : आयबस व त्याचे मराठी आराखडे, देवनागरी टंक, रोजच्या वापरातील कार्यक्रम, आणि नेटवर्कमॅनेजर. हे शेवटचे नाव अनेकांच्या ध्यानात राहत नाही. जाळ्याशी जोडणी राखणारे हेच पॅकेज निराधारांबरोबर बाहेर गेले, तर चुकून गेलेली वस्तू परत आणण्याचा रस्ताच बंद होतो. प्रवेशाचा पडदा दाखविणाऱ्या कार्यक्रमाचेही तसेच. ग्नोमबरोबर जीडीएम येतो; तो जाण्यापूर्वी लाइटडीएम बसवून त्याची नेमणूक केलेली असावी. तसे न झाल्यास यंत्र सुरू होते, परंतु कोणालाही आत घेत नाही. तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबून अक्षरी पडद्यावर जावे आणि तेथून नवा द्वारपाल बसवावा. प्रणाली पुन्हा भरण्याचे कारण नाही.

यानंतर ॲप्ट-गेटला ‘सिम्युलेट’ हा पर्याय देऊन निष्कासनाची रंगीत तालीम करावी. यात काहीही निघत नाही. काय निघेल एवढेच छापले जाते. ही यादी कागदावर उतरवून ओळीओळीने वाचावी, आणि ज्या नावाचा अर्थ लागत नाही त्याची चौकशी झाल्यावाचून पुढे जाऊ नये. खरी आज्ञा देताना ‘होय’ असे आधीच उत्तर देणारा पर्याय जोडू नये, हे सांगावयास नकोच.

वेळेचाही विचार हवा. मेढ्याच्या परिसरात आषाढ-श्रावणात पाऊस कोसळत असताना वीज जाणे ही नित्याची बाब, आणि निष्कासन मध्येच तुटले तर काही पॅकेजे अर्धी निघालेल्या अवस्थेत राहतात. ही अवस्था भयंकर दिसली तरी असाध्य नाही. डीपीकेजी या खालच्या थरातील साधनास ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय दिले असता अर्धवट राहिलेली मांडणी ते पूर्ण करते. त्यानंतर ॲप्टकडून तुटलेली अवलंबने जुळवून घेता येतात. बॅटरी असलेला संगणक किंवा राखीव विजेची पेटी हाताशी असल्यास ही वेळच येत नाही.

शेवटी उरते ते वापरणाऱ्याच्या स्वतःच्या दालनातले. साधे निष्कासन प्रणालीतील मांडणीच्या फाइली मागे ठेवते, ‘पर्ज’ त्याही काढते. परंतु दोहोंपैकी कोणतेही व्यक्तीच्या दालनास हात लावीत नाही. तेथील लपलेल्या कप्प्यांत जुन्या डेस्कटॉपच्या आवडीनिवडी साठलेल्या असतात, आणि त्या पाहून झाडू घेण्याचा मोह होतो. ‘डीकॉन्फ’ या कोशात मात्र ग्नोमबरोबरच माटे, सिनॅमन आणि इतर कार्यक्रमांच्याही मांडण्या एकत्र असतात. तो पुसला की सर्वांच्याच जातात. ‘कीरिंग्ज’ या कप्प्यात तर साठविलेले संकेतशब्द असतात, आणि ते गेल्यावर विपत्राच्या व वायरलेस जोडणीच्या किल्ल्या पुन्हा मिळवाव्या लागतात. हे कप्पे पुसण्याऐवजी त्यांचे नाव बदलून ठेवावे. नव्या डेस्कटॉपवर एक पूर्ण सत्र काम झाले, प्रबंध उघडला, टंकित झाला, छापला गेला, आणि काहीही उणे भासले नाही, की मग ते काढण्यास हरकत नाही.